तिन्ही विभागांना एका टेबलाशी बसवा: अभ्यास मंडळांना खुले पत्र

विद्यापीठांतील औषधनिर्माणशास्त्र, भौतिकशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांच्या अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य, तसेच विद्या परिषदांचे सदस्य यांना

सप्रेम नमस्कार.

मी भौतिकशास्त्र शिकवते. माझ्या वाट्याला वर्षानुवर्षे तीन प्रकारचे वर्ग येत गेले. एक आमच्याच विभागातला, भौतिकशास्त्राच्या पदवीचा. दुसरा औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा. तिसरा सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा. साथींची प्रारूपे समजण्यापुरते गणित त्यांना शिकवायचे असते. एकाच आठवड्यात या तिन्ही वर्गांवर उभे राहिले की जे दिसते, ते कुठल्याही एका विभागाच्या बैठकीत बसून दिसत नाही. ते तुमच्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी एका कणाची गोष्ट सांगते. व्यास ५ मायक्रोमीटर.

भौतिकशास्त्राच्या वर्गात स्टोक्सचा नियम (हवेतून किंवा द्रवातून पडणाऱ्या बारीक कणाला किती विरोध होतो ते सांगणारा) शिकवताना मी पाण्याचा एवढा थेंब घेते. घनता, हवेची श्यानता, गुरुत्वीय त्वरण असे आकडे घातले की अर्ध्या पानात उत्तर येते: थेंब सेकंदाला जेमतेम पाऊण मिलिमीटर खाली येतो. म्हणजे दीड मीटर उंचीवरून, स्थिर हवेत, जमिनीपर्यंत यायला त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तो वाळून आणखी लहान होतो आणि आणखी रेंगाळतो, ते वेगळेच. औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी इनहेलरच्या धड्यात शिकतात की साधारण १ ते ५ मायक्रोमीटरचे कण श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर पोचतात आणि त्याहून मोठे बहुतेक घशातच आदळतात. आणि सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत कित्येक वर्षे एक ओळ होती: ५ मायक्रोमीटरपेक्षा मोठा तो ‘ड्रॉपलेट’, तो मीटर-दोन मीटरच्या आत खाली पडतो.

पहिल्या वर्गाच्या हिशेबाने तिसऱ्या वर्गातली ओळ टिकत नाही. ५, १०, अगदी २० मायक्रोमीटरचा थेंबही मीटरभर जाऊन झटकन खाली पडत नाही. काही सेकंदांत पडायला तो १०० मायक्रोमीटरच्या आसपास असावा लागतो. हवेतून होणाऱ्या संसर्गाचा अभ्यास करणारे विल्यम वेल्स यांनी हे १९३४ मध्येच मांडले होते. ५ हा आकडा मुळात फुफ्फुसात खोलवर शिरण्याचा, म्हणजे दुसऱ्या वर्गातला. तो पाठ्यपुस्तकांतून सरकत सरकत हवेत तरंगण्याची सीमा बनला, असे या गोंधळाचा माग काढणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना कोविड हवेतून पसरत नाही असे जाहीरपणे सांगत होती. जुलैमध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या असे लिहिले. मोरावस्का मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. त्या काळातले सगळे निर्णय अभ्यासक्रमामुळे चुकले असे मी म्हणत नाही; तेवढे सोपे ते नव्हते. पण माझ्या तीन वर्गांतली मुले एका खोलीत बसली असती, तर ही विसंगती त्यांनीच पहिल्या तासाला पकडली असती. ती एका खोलीत कधी बसलीच नाहीत. तिघांनीही आपापली परीक्षा चांगल्या गुणांनी पास केली.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. किरणोत्सारी ऱ्हास, शरीरातून औषध बाहेर पडणे आणि साथीत संसर्ग झालेले लोक बरे होत जाणे, या तिन्हींचे समीकरण एकच. दर क्षणाला जेवढे उरले आहे त्याच्या ठरावीक प्रमाणात घट. आम्ही ते तीनदा शिकवतो, तीन सत्रांत, तीन अक्षरांनी: एकीकडे लॅम्डा, एकीकडे के, एकीकडे गॅमा. एकदा औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात मी विचारले, रुग्णांच्या तपासणीत वापरतात त्या टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य ६ तास आहे, म्हणजे ६ तासांत ते निम्मे उरते. समजा शरीरही त्यातले अर्धे ६ तासांत बाहेर टाकते, तर शरीरातली किरणोत्सारी मात्रा निम्मी व्हायला किती वेळ लागेल? वर्गातल्या बहुतेकांनी ६ लिहिले. दोघांनी १२ लिहिले. दोन वाटांनी एकाच वेळी गळती होत असेल तर वेग बेरजेत येतात आणि उत्तर ३ तास, हे एकालाही सुचले नाही. समीकरण सगळ्यांना पाठ होते. दोन्ही गळत्या एकाच रुग्णाच्या शरीरात होतात, हे चित्र मात्र कोणाच्याच डोळ्यांपुढे आले नाही. हा दोष मुलांचा नाही. एक गळती माझ्या विभागाने शिकवली, दुसरी त्यांच्या, आणि दोन्ही एकत्र दाखवणे हे कोणाच्याच वेळापत्रकात नव्हते.

हे विषय जन्मतः वेगळे नव्हते. विसरणाचा, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे पदार्थ पसरण्याचा, नियम १८५५ मध्ये मांडणारे अॅडॉल्फ फिक शरीरक्रियाशास्त्रज्ञ, शिक्षणाने डॉक्टर. गोळी पाण्यात किती वेगाने विरघळते याचे नॉयस आणि व्हिटनी यांचे १८९७ चे सूत्र त्याच विसरणाच्या कल्पनेवर उभे आहे आणि आजही औषधनिर्माणशास्त्रात पहिल्याप्रथम तेच शिकवतात. बारीक नळ्यांतल्या प्रवाहाचा नियम शोधणारे प्वाझय डॉक्टर होते. त्यांना रक्त कसे वाहते ते समजून घ्यायचे होते. द्रवांच्या प्रवाहासाठी ज्यांचे नाव आमची मुले रोज घेतात त्या डॅनिएल बर्नुलींनी १७६० मध्ये देवीच्या टोचणीने आयुर्मान किती वाढेल याचे गणित मांडले. आणि साथींच्या प्रारूपाचा १९२७ चा पाया घालणाऱ्या दोघांपैकी कर्मॅक रसायनतज्ज्ञ आणि मॅकेंड्रिक डॉक्टर. त्यांनी आपले गणित ताडून पाहिले ते मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंच्या आकड्यांवर. या भिंती नंतर आल्या. त्या प्रशासनाच्या सोयीच्या आहेत हे मला कळते. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला त्या निसर्गातच आहेत असे वाटू लागते, आणि ते आपण थांबवू शकतो.

आता जे मी स्वतः करून पाहिले ते सांगते, कारण माझा खरा आधार तोच आहे.

काही वर्षांपूर्वी एका सत्रात मी सहा शनिवार मागून घेतले. गुण नाहीत, हजेरी नाही. तिन्ही विभागांतले तीन-तीन विद्यार्थी आले. पहिल्या शनिवारी टेबलावर फक्त जलसंजीवनीचे एक पाकीट ठेवले, एक लिटरचे मोजपात्र, तराजू, बर्फ, मीठ आणि अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा तापमापक. मी एवढेच म्हटले, हे पाकीट असेच का आहे ते सांगा.

फार्मसीच्या मुलीने पाकिटावरचे आकडे वाचायला सुरुवात केली. ग्लुकोज १३.५ ग्रॅम, सोडियम क्लोराइड २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. तिने कागदावर रेणुभारांनी भागाकार केले. ग्लुकोज ७५ मिलिमोल. सोडियमही ७५. ती थांबली आणि म्हणाली, दोन्ही सारखे आहेत. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जाते, हे तिने जीवरसायनाच्या पेपरात लिहिले होते. पाकिटातले वजन त्या वाक्यावरून ठरले आहे, हे तिला त्या टेबलाशी पहिल्यांदा कळले. विरघळलेल्या सगळ्या कणांची बेरीज लिटरमागे २४५ मिलिऑस्मोल आली. रक्तद्रवाची सुमारे २९०. म्हणजे द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ.

भौतिकशास्त्राच्या मुलाने ते तपासायला घेतले. विरघळलेले कण जितके जास्त तितका गोठणबिंदू खाली, एवढे त्याला ठाऊक होते. बर्फ-मिठाच्या मिश्रणात परीक्षानळी धरून तो बराच वेळ वाकून बसला होता. पहिल्या दोन वेळा द्रावण गोठायच्या आधीच खूप खाली गेले आणि मग एकदम बर्फ धरला. ढवळत राहायचे हे त्याला तिसऱ्या वेळी सुचले. आकडा शून्याखाली अर्ध्या अंशाच्या अलीकडे स्थिरावला. हिशेबाने ०.४६ यायला हवे होते. रक्ताचा गोठणबिंदू शून्याखाली सुमारे ०.५४.

सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी तोवर गप्प होता. त्याने पाकीट उलटे करून सूचना वाचली, मग मोजपात्राकडे पाहिले आणि विचारले, “हे पाकीट ज्याच्या हातात जाणार, त्याच्या घरात लिटरचे माप आहे असे कोणी धरले?” कोणी बोलले नाही. “अर्ध्या लिटरमध्ये कालवले तर काय होईल?”

मग त्यांनी ते केले. अर्ध्या लिटरचे द्रावण, तीच नळी, तेच मिश्रण. आकडा जवळजवळ ०.९ पर्यंत उतरला. फार्मसीच्या मुलीने ४९० लिहिले आणि त्याच्याशेजारी २९०. आता पाणी आतड्यातून रक्तात जाण्याऐवजी उलट ओढले जाणार. जुलाबात गेलेले पाणी भरून काढायला दिलेले पाणी जुलाब वाढवणार. नऊही मुले त्या दोन आकड्यांकडे बघत होती. तो तास दोन तासांचा होता. ती मुले साडेतीन तास हलली नाहीत.

पुढच्या शनिवारी ती स्वतःहून वाचून आली. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत असताना, शिरेतून द्यायचे द्रव संपत आल्यावर, डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांतून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. सुरुवातीच्या पाकिटांत बायकार्बोनेट होते. दमट, उष्ण हवेत ते पाकीट टिकत नसे, म्हणून सायट्रेट आले. जुन्या द्रावणाची बेरीज ३११ होती. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती २४५ वर आणली. पाकिटावरच्या प्रत्येक आकड्यामागे एकेका विभागाचे माणूस उभे आहे, असे त्या सार्वजनिक आरोग्याच्या मुलाने त्याच्या वहीत लिहिले होते. मी ते वाक्य खोडले नाही.

पुढच्या शनिवारांत लसींच्या कुप्या आल्या. अॅल्युमिनियमच्या क्षारावर चिकटवलेली लस गोठली की गुठळ्या धरते आणि हलवून ठेवल्यावर झपाट्याने खाली बसते. गोठलेली आणि न गोठलेली कुपी शेजारी ठेवून हे नुसत्या डोळ्यांनी कळते. कुपीवरचा उष्णता दाखवणारा चौकोन मात्र गोठणे दाखवत नाही, फक्त साठत गेलेली उष्णता दाखवतो. दोन्ही गोष्टी आरोग्यसेविकेला ठाऊक असतात. त्या चौकोनामागचा अरेनियसचा नियम, म्हणजे तापमानाबरोबर रासायनिक क्रियेचा वेग कसा वाढतो ते, आमच्या मुलांना ठाऊक असते. एकमेकांना मात्र दोघे ओळखत नाहीत.

सत्र संपल्यावर मी हे सहा शनिवार चार क्रेडिटचा सामाईक विषय व्हावा असा प्रस्ताव दिला. तो मंजूर झाला नाही. कुठल्या समितीने काय म्हटले हे इथे उगाळण्यात अर्थ नाही, आणि त्यातली माणसे वाईट नव्हती. तीन अडचणी सांगितल्या गेल्या. औषधनिर्माणशास्त्राचे तास नियामक परिषद ठरवते, त्यात जागा नाही. तीन विभागांचे शिक्षक एकाच तासाला उभे राहिले तर कामाचा भार कोणाच्या नावावर मांडायचा? आणि उत्तरपत्रिका कोणी तपासायची? गेली काही वर्षे मी या तीन प्रश्नांवर विचार केला आहे. ते खरे प्रश्न आहेत, पण अशक्य नाहीत.

तासांचे म्हणाल तर मी जादा तास मागत नाही. पहिल्या वर्षाला आमच्याकडून जे भौतिकशास्त्र शिकवून घेता, ते एकदा नीट बघा. आमच्याच पदवीच्या अभ्यासक्रमाची ती कापून-छाटून केलेली आवृत्ती आहे. त्यात भिंगांची सूत्रे आहेत, प्रक्षेपकाची, म्हणजे फेकलेल्या वस्तूची, गती आहे. स्फटिकांची वेगवेगळी रूपे, विसरण, पृष्ठताण, भुकटी कशी वाहते, यांतले फारसे काही नाही. १९९८ मध्ये रिटोनाविर हे एचआयव्हीवरचे औषध कॅप्सूलच्या रूपात बाजारातून काढून घ्यावे लागले, कारण त्या औषधाचे दुसरे, जास्त स्थिर स्फटिकरूप अचानक प्रकटले आणि ते फार कमी विरघळत होते. रेणू तोच, मांडणी वेगळी. रुग्णांचे औषध एका स्फटिकाच्या रचनेवरून अडले. हे आमच्या ‘सर्व्हिस कोर्स’मध्ये, म्हणजे दुसऱ्या विभागासाठी आम्ही शिकवतो त्या विषयात, नाही आणि प्रक्षेपक आहे, ही चूक प्रथम भौतिकशास्त्र विभागाची, म्हणजे माझीही. ते तास बदला. त्यांच्यातच हा विषय बसतो.

याच्या उलट बाजूचेही सांगते. अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत मी ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळले आहे का, हे पाहणाऱ्या चाचणीबद्दल विचारले होते. मर्यादा ०.१ टक्का, चाचणी वायुवर्णलेखनाने (गॅस क्रोमॅटोग्राफी), सगळे बिनचूक सांगितले. ही चाचणी का आली, असे विचारल्यावर तो म्हणाला, अभ्यासक्रमात आहे म्हणून. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे पातळ औषध याच द्रावकात करून विकले गेले; विकण्याआधी चव, रूप आणि वास तपासला, विषारीपणा नाही. शंभराहून जास्त माणसे मेली, त्यांत बरीच मुले होती. निरीक्षकांनी दुकानोदुकानी आणि घरोघरी जाऊन बाटल्या परत गोळा केल्या. पुढच्या वर्षी नवा कायदा झाला. आणि तरी २०२२ मध्ये गॅम्बियात खोकल्याच्या औषधांत हेच द्रव्य सापडले आणि डझनावारी लहान मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. ८५ वर्षांनंतर. त्या मुलाला चाचणी येत होती. पण उद्या कारखान्यात घाई असताना कोणी म्हणाले की या पिंपाची चाचणी आज राहू दे, तर ‘नाही’ म्हणायला त्याला जे माहीत असायला हवे, ते आपण त्याला शिकवले नव्हते. ते सार्वजनिक आरोग्याच्या विभागात, तीन मजले वर, शिकवले जात होते.

ताकाला जाऊन भांडे लपवत नाही, मागणी सरळ सांगते. तिन्ही पदव्यांना एक सामाईक प्रात्यक्षिक विषय असावा आणि तो सक्तीचा असावा. ऐच्छिक ठेवलात तर ज्यांना आधीच गोडी आहे तेच येतील. माझ्याकडे शनिवारी आलेले नऊ जण तसेच होते, आणि ज्यांना त्याची खरी गरज होती ते आले नाहीत. गट तीन-तीनचे, प्रत्येक विभागातला एक. धडे नकोत, वस्तू हव्यात: एक पाकीट, एक कुपी, एक इनहेलर, एक क्ष-किरण पट्टी, पाण्याचा एक नमुना. परीक्षा गटाची एकत्र तोंडी असावी, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या विषयातला प्रश्न विचारावा. तपासणारे तिन्ही विभागांचे असावेत. आणि शिक्षकांचा भार तिघांच्याही नावावर पूर्ण मांडावा, एक तृतीयांश नव्हे. ही शेवटची गोष्ट बारीक वाटेल, पण असे उपक्रम दुसऱ्या वर्षी बंद पडतात ते बहुतेक याच कारणाने. अर्धा भार मिळाला की माणूस अर्धाच येतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

सार्वजनिक आरोग्याच्या मंडळाला एक वेगळी विनंती आहे. तुमचे विद्यार्थी गणिताला बिचकतात म्हणून त्यांना प्रारूपांची उत्तरे तयार देऊ नका. त्या दिवशी सगळ्यांत चांगला प्रश्न तुमच्याच विद्यार्थ्याने विचारला होता. त्याला गोठणबिंदूचा हिशेब स्वतः करता आला असता, तर तो प्रश्न त्याने कुठल्याही बैठकीत, कोणाहीसमोर, आकड्यासकट विचारला असता.

सहा शनिवारांची टिपणे, साहित्याची यादी, मुलांच्या मोजणीचे कागद (चुकलेल्या मोजण्यांसकट) माझ्याकडे जपून आहेत. ज्या मंडळाला हवे असतील त्याला मी देईन, आणि बोलावलेत तर ते पाकीट आणि तापमापक घेऊन बैठकीला येईन. तुमच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर या मागणीला एक ओळ द्यावी, आणि चर्चेच्या वेळी तिन्ही विभागांचा निदान एकेक विद्यार्थी खोलीत असावा, एवढी विनंती करते.

आपली नम्र,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका